वाचक विचारतात : क्योइची सावादा, नदीतला फोटो आणि त्याखालची ओळ

मागच्या अंकात युद्धछायाचित्रणावरच्या लेखासोबत आम्ही एक फोटो छापला होता. दोन बायका मुलांना घेऊन गळ्यापर्यंतच्या पाण्यातून नदी पार करताहेत, असा तो फोटो. खाली एवढंच लिहिलं होतं : ‘व्हिएतनाम युद्ध, छाया : सावादा’. ही ओळ अपुरी होती. गाव नव्हतं, तारीख नव्हती, त्या बायका कशापासून पळत होत्या तेही नव्हतं. त्यावर बरीच पत्रं आली. त्यातले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे देत आहोत.

प्रश्न : नाव नक्की कसं लिहायचं? कुठे ‘कोइची’ दिसतं, कुठे ‘क्योची’. आडनाव आधी की नंतर? (मिरज)

क्योइची सावादा. जपानीत आडनाव आधी येतं, म्हणून तिकडे सावादा क्योइची. ‘क्यो’ एका दमात म्हणायचं, मग ‘इ’ वेगळा ऐकू आला पाहिजे. ‘ची’ आपल्या ‘चिंच’मधल्यासारखा. मुळात शेवटचा स्वर ऱ्हस्व आहे, पण मराठी लेखनात शब्दाच्या शेवटचा इकार दीर्घ लिहितात, म्हणून आम्ही ‘ची’ लिहितो. ‘कोइची’ हे जपानीत वेगळंच नाव आहे, तेव्हा ते टाळावं.

प्रश्न : हे सावादा मुळात कोण? सैन्यात होते का? युद्धावर जायचं शिक्षण कुठे मिळालं? (बार्शी)

सैन्यात नव्हते, आणि युद्धपत्रकारितेचं शिक्षणही त्यांनी कुठे घेतलं नव्हतं. जन्म २२ फेब्रुवारी १९३६, आओमोरी. हे जपानच्या होन्शू या मुख्य बेटाचं अगदी उत्तरेकडचं टोक, मोठ्या बर्फाचा प्रदेश. शालेय शिक्षण तिथेच झालं. विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा काही पार पडली नाही, आणि ते जवळच्या मिसावा इथल्या अमेरिकी हवाई तळावरच्या कॅमेऱ्याच्या दुकानात नोकरीला लागले. दुकानात बरोबर काम करणाऱ्या साता यांच्याशी त्यांनी लग्न केलं. त्या त्यांच्याहून वयाने मोठ्या होत्या.

दुकानातल्या या वर्षांना आम्ही कमी लेखणार नाही. हात कॅमेऱ्यावर बसला तो तिथेच, आणि अमेरिकी सैनिकांशी रोजचं बोलणं असल्याने इंग्रजीही कामापुरती आली. पुढे व्हिएतनाममध्ये अमेरिकी तुकड्यांबरोबर फिरताना या दोन्ही गोष्टी लागणारच होत्या.

१९६१च्या डिसेंबरात ते युनायटेड प्रेस इंटरनॅशनल या अमेरिकी वृत्तसंस्थेच्या टोकियो कचेरीत रुजू झाले. व्हिएतनामला पाठवा म्हणून ते मागे लागले, कचेरी तयार होईना. मग १९६५च्या फेब्रुवारीत त्यांनी रजा टाकली, पदरचे पैसे घातले आणि स्वतःच तिकडे जाऊन फोटो काढून आणले. ते पाहून त्याच वर्षीच्या जुलैमध्ये संस्थेने त्यांना सायगॉनला नेमलं. नदीतला फोटो त्यानंतर दोनेक महिन्यांतला आहे. तेव्हा त्यांचं वय २९ होतं.

प्रश्न : त्या फोटोत नेमकं काय चाललं आहे? त्या बायका-मुलांचं पुढे काय झालं? आणि फोटो काढण्याऐवजी पाण्यात उतरून हात द्यावासा वाटला नाही का? (सातारा, याच अर्थाची आणखी चार पत्रं)

तारीख ६ सप्टेंबर १९६५. ठिकाण दक्षिण व्हिएतनामच्या मध्य किनाऱ्यावरचा बिन्ह दिन्ह प्रांत, क्वी न्होन बंदराजवळचं लोक थुओंग गाव. या भागात अमेरिकी मरीन सैनिकांची मोहीम चालू होती. गावात व्हिएतकाँगचे, म्हणजे कम्युनिस्ट गनिमांचे, बंदूकधारी दडले आहेत या समजाने गावावर विमानातून बॉम्ब टाकायचे होते. लोक घरं सोडून निघाले आणि समोर नदी आली. फोटोत दिसतात त्या दोन आया आणि त्यांची लेकरं. तेव्हा ही माणसं पळताहेत ती बॉम्बहल्ल्यापासून, आणि बॉम्ब टाकणारी विमानं अमेरिकेची आहेत. कित्येक ठिकाणी हा फोटो ‘कम्युनिस्टांपासून पळणारी कुटुंबं’ किंवा नुसतं ‘पुरात सापडलेली माणसं’ असा फिरतो. दोन्ही चूक.

हा फोटो निवांत बसून पाहा. पाणी जवळजवळ सपाट आणि उजळ आहे, क्षितिज नाही, आकाश नाही. त्या उजेडात काळी ओली डोकी. लहान मूल आईने अंगाशी धरलं आहे. चेहऱ्यांवर भीती आहेच, पण पाय कुठे टेकेल याचाही अंदाज घेणं चाललं आहे. तो ताण मानेत दिसतो. पोहणाऱ्या माणसाची मान वेगळी असते, नदीचा तळ चाचपत चालणाऱ्याची वेगळी.

आता हात देण्याचा प्रश्न. तो रास्त आहे. दर पिढीने तो विचारावा असंच आम्हाला वाटतं. मात्र एक हिशेब ध्यानात घ्या : भर उन्हात ४०० एएसएची, म्हणजे कमी प्रकाशातही चालणारी, फिल्म असेल तर शटर उघडं राहतं ते सेकंदाच्या पाचशेव्या हिस्स्याइतकंच. माणसाला तोलायचं तर त्याने त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या वेळात काय केलं ते पाहावं लागतं. पुलित्झर हे अमेरिकी पत्रकारितेचं पारितोषिक मिळाल्यावर सावादा त्या दोन्ही कुटुंबांना शोधत परत गेले, त्यांना फोटोच्या प्रती दिल्या आणि बक्षिसाच्या रकमेतला वाटा दिला. युद्ध चालू असताना त्याच प्रांतात परत जाऊन फोटोतली माणसं हुडकायची, हे वाचायला जितकं सोपं वाटतं तितकं नव्हतं. लोक विस्थापित झालेले, गावं उठलेली. आमच्या लेखी सावादांचं मोठेपण बक्षिसापेक्षा या शोधात जास्त आहे.

हा फोटो १९६५चा ‘वर्ल्ड प्रेस फोटो ऑफ द इयर’ ठरला आणि व्हिएतनाममधल्या १९६५च्या युद्धछायाचित्रणासाठी सावादांना १९६६मध्ये पुलित्झर मिळालं. तेव्हा पुलित्झरमध्ये छायाचित्रणाचा एकच विभाग होता. ताज्या घडामोडीचा आणि ‘फीचर’चा असे दोन विभाग १९६८पासून झाले, आणि त्यातल्या ‘फीचर’चं पहिलं पारितोषिकही एका जपानी छायाचित्रकारालाच मिळालं : तोशिओ साकाई, याच वृत्तसंस्थेचे.

प्रश्न : रस्त्यावर रडत धावणाऱ्या मुलीचा फोटोही सावादांचाच ना? (परभणी)

नाही. तो ८ जून १९७२चा, सायगॉनच्या वायव्येला ट्रांग बांग इथला, नापाम बॉम्बने भाजलेल्या मुलीचा. तेव्हा सावादांचा मृत्यू होऊन दीड वर्ष उलटलं होतं. तो फोटो असोसिएटेड प्रेसने निक उट यांच्या नावाने प्रसिद्ध केला आणि १९७३चं पुलित्झरही त्यांच्याच नावे आहे. फोटो नेमका कोणी काढला यावर अलीकडे वाद उभा राहिला. असोसिएटेड प्रेसने उट यांचं श्रेय कायम ठेवलं, तर वर्ल्ड प्रेस फोटो संस्थेने २०२५मध्ये आपल्याकडची श्रेयनोंद स्थगित केली. फोटोखालची एक ओळ पन्नास वर्षांनी केवढं काहूर उठवू शकते ते यातून दिसतं.

प्रश्न : १९६५ साली ना इंटरनेट, ना डिजिटल कॅमेरा. मग व्हिएतनामच्या एका खेड्यातला फोटो न्यूयॉर्कच्या पेपरात कसा आणि किती वेळात पोचायचा? पायऱ्या सांगाल का? (नाशिक, अभियांत्रिकीचा विद्यार्थी)

पायऱ्या बऱ्याच आणि प्रत्येक पायरीवर फोटो बिघडायची सोय. एकेक घेऊ.

पहिली पायरी रोल सायगॉनला पोचवायची. क्वी न्होन ते सायगॉन हे अंतर चारशे किलोमीटरच्या वर. पत्रकाराकडे अमेरिकी सैन्याचं ओळखपत्र असे. त्यावर लष्करी विमानात किंवा हेलिकॉप्टरमध्ये जागा असली तर बसता येई. नसली तर रोल लिफाफ्यात घालून, वर वृत्तसंस्थेचं नाव लिहून, जाणाऱ्याच्या हाती द्यायचा. असा रोल नेणाऱ्या माणसाला त्या धंद्यात ‘कबूतर’ म्हणत. लिफाफ्यात रोलबरोबर चिठ्ठी असलीच पाहिजे : कुठलं गाव, कोणती तुकडी, काय घडलं, किती वाजता. चिठ्ठी नसली की डार्करूममधल्या माणसाला निगेटिव्हवर माणसं दिसतात, गोष्ट दिसत नाही. चुकीच्या फोटोओळींचा उगम बहुतेक वेळा इथेच असतो.

दुसरी पायरी धुणं. सायगॉनला न्गो डुक के रस्त्यावर संस्थेची कचेरी होती. रोल धुवायचा, ओल्या निगेटिव्ह भिंगाखाली पाहून एकदोन फ्रेम निवडायच्या, आठ बाय दहा इंचांचा चकचकीत प्रिंट काढायचा.

तिसरी पायरी फोटोओळ. टंकलेखन केलेली कागदाची पट्टी प्रिंटच्या कडेलाच चिकटवत, म्हणजे ओळ फोटोबरोबर एकाच चित्रात जाई, वाटेत सुटी पडायचा प्रश्नच येत नसे.

चौथी पायरी पाठवणी, आणि तुमचा प्रश्न मुख्यतः हिच्याबद्दल आहे. प्रिंट एका दंडगोलावर गुंडाळायचा. दंडगोल फिरतो, त्यावर दिव्याचा बारीक ठिपका पडतो, परत फिरणारा प्रकाश फोटोसेल टिपतो. उजळ भागावर जास्त प्रकाश, काळ्यावर कमी. या कमीजास्तीचा आवाजी सूर बनतो आणि तो सूर तारेने किंवा रेडिओच्या लघुलहरींवर जातो. पलीकडे तसाच दंडगोल, त्यावर कोरा फोटोकागद, आणि आलेल्या सुराप्रमाणे कमीजास्त होणारा दिवा. मिनिटाला १०० फेरे आणि इंचाला १०० रेषा असा तारेवरचा नेहमीचा वेग होता, म्हणजे मिनिटाला एक इंच. दहा इंचांच्या फोटोला दहा मिनिटं. रेडिओवरून पाठवताना वेग कमी ठेवावा लागे, मिनिटाला ६० फेरे, म्हणजे त्याच फोटोला सोळा-सतरा मिनिटं.

बिघाड कुठे? दोन्हीकडचे दंडगोल अगदी एका चालीने फिरले पाहिजेत. चाल जराशी हटली की घरं-माणसं सगळी तिरपी होतात. फेऱ्याची सुरुवात जुळली नाही तर फोटो मधोमध तुटतो, उजवी कड डावीकडे येऊन बसते. लघुलहरी आकाशातल्या थरांवरून परावर्तित होऊन येतात, त्यामुळे त्यांची ताकद सतत कमीजास्त होते. ताकदीवर काळंपांढरं ठरवलं तर चित्रावर आडवे पट्टे उमटतील. म्हणून रेडिओवर काळंपांढरं ताकदीने न दाखवता सुराच्या उंचीने, म्हणजे वारंवारतेने दाखवत. वारा-वादळाचा खरखराट मात्र यातूनही यायचा आणि ऐन चेहऱ्यावर पांढरी रेघ आली की परत पहिल्यापासून.

आता गणित करा : आठ इंच गुणिले शंभर, दहा इंच गुणिले शंभर. म्हणजे जेमतेम ८०० बाय १००० ठिपके. एवढ्यात बारकावा फारसा टिकत नाही. म्हणूनच नदीतला फोटो तारेवर इतका चांगला गेला असं आमचं मत आहे. उजळ सपाट पाण्यावर मोठी काळी डोकी : अर्धेअधिक ठिपके वाटेत गळाले असते तरी गोष्ट उरली असती. झाडीतली लढाई त्याच तारेवर नुसती करडी खिचडी होऊन पोचे.

वेळेबाबत : तेव्हा सायगॉनचं घड्याळ सप्टेंबरात न्यूयॉर्कच्या बारा तास पुढे होतं. सकाळचा फोटो संध्याकाळी सायगॉनहून सुटला, तर तिकडे त्याच दिवसाची सकाळ असे. दुपारच्या आवृत्तीला मिळायचा.

प्रश्न : सायगॉनला उकाडा आमच्या कोकणासारखाच असणार. त्या गरमीत फिल्म कशी धूत? मी अजूनही ब्लॅक अँड व्हाइट रोल घरी धुतो. एप्रिल-मेमध्ये निगेटिव्हवर भेगाळलेल्या चिखलासारखी नक्षी येते. काय चुकतं? (रत्नागिरी)

नक्षीचं कारण आधी. फिल्मवरचा थर जिलेटिनचा असतो. कोमट पाण्यात तो फुगतो, थंड पाण्यात आवळतो. तुमचा डेव्हलपर समजा ३० अंशांवर आणि नंतरचं पाणी फ्रिजमधलं, किंवा उलट, तर फुगलेला थर एकदम आक्रसतो आणि भेगाळतो. एका द्रावणातून दुसऱ्यात जाताना तापमानात एक-दोन अंशांहून जास्त फरक पडू देऊ नका. उकाड्यात काम करताना हा नियम वीस अंश गाठण्यापेक्षा महत्त्वाचा आहे. सगळी द्रावणं आणि धुण्याचं पाणी २४ अंशांवर एकसारखं ठेवणं चांगलं. फक्त डेव्हलपर २०वर आणून बाकी सगळं ३१वर ठेवलं तर नक्षी येणारच.

कसं करायचं : मोठ्या परातीत पाणी घ्या, सगळ्या बाटल्या आणि टाकी त्यात उभी करा. बर्फ थेट पाण्यात टाकू नका, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा, म्हणजे गार झालं की उचलून काढता येतो. धुण्याचं पाणीही बादलीत आधीच काढून त्याच तापमानाला आणा. दुपारी गच्चीवरच्या टाकीचं नळातून येणारं पाणी ३५ अंशांच्या वर असतं, आणि बहुतेकांचा रोल बिघडतो तो इथेच, शेवटच्या धुण्यात.

डेव्हलपर म्हणून डी-७६ वापरत असाल तर तो त्या काळीही सर्रास वापरात होता. लिटरभराला मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम. ५० अंशांच्या आसपासच्या पाऊण लिटर पाण्यात चिमूटभर सल्फाइट टाकून आधी मेटॉल विरघळवा, मग उरलेलं सल्फाइट, मग बाकीचं, शेवटी पाणी घालून लिटर पुरं करा. क्रम उलटा केला तर सल्फाइटच्या दाट द्रावणात मेटॉल विरघळत नाही, तळाशी बसतो.

ट्राय-एक्स ४०० ही फिल्म असेल तर नुसत्या डी-७६मध्ये २४ अंशांवर वेळ पावणेपाच मिनिटांवर येते. पाच मिनिटांखाली गेलं की द्रावण ओतायला-काढायला लागणारे दहा-वीस सेकंदही जाणवतात आणि आकाशात डाग येतात. म्हणून उन्हाळ्यात समभाग पाणी घाला : २० अंशांवर पावणेदहा मिनिटं, २४वर साडेसात. दर अर्ध्या मिनिटाला पाच सेकंद टाकी उलटसुलट करा, प्रत्येक वेळी ओट्यावर हलकेच आपटा, नाहीतर बुडबुडे चिकटून गोल पांढुरके डाग राहतात. विरळ केलेला डेव्हलपर एका रोलनंतर टाकून द्या.

फुगलेला थर नखाच्या नुसत्या स्पर्शानेही खरवडतो. म्हणून उष्ण प्रदेशात थर कडक करणारा हायपो, म्हणजे चित्र पक्कं करणारं द्रावण (फिक्सर), वापरायची पद्धत होती. त्यात कडकपणा आणणारं द्रव्य पोटॅश अलम, म्हणजे आपली तुरटी. सोडियम सल्फेट घातलेला डेव्हलपरही वापरत, त्याने जिलेटिन कमी फुगतं. तुरटीची पूड हायपोत अशीच टाकू नका. द्रावण आम्लधर्मी नसेल तर ते दुधाळ होऊन साका बसतो आणि तो फिल्मला चिकटतो. तयार ‘हार्डनिंग फिक्सर’ घ्या. ओली फिल्म बोटांत धरून निपटू नका, पंख्याखाली तर वाळत घालूच नका. कोकणातली धूळ आणि बुरशी दोन्ही त्याच वेळी बसतात. आंघोळीच्या खोलीत गरम पाणी सोडून वाफ बसू द्या, मग तिथे टांगा.

प्रश्न : सावादांच्या चिलखती गाडीमागे प्रेत फरफटत नेण्याच्या फोटोबद्दल वाचलं. असं काही छापायला सैन्याने कसं दिलं? (पुणे)

तो फोटो २४ फेब्रुवारी १९६६चा. एम-११३ या चिलखती गाडीमागे व्हिएतकाँगच्या एका मेलेल्या सैनिकाला पायाला दोर बांधून ओढत नेताहेत. हा फोटो १९६६चा ‘वर्ल्ड प्रेस फोटो ऑफ द इयर’ झाला. म्हणजे हा मान लागोपाठ दोन वर्षं एकाच माणसाला.

छापायला दिलं, कारण व्हिएतनाममध्ये अमेरिकी सैन्याने छापण्यापूर्वीची सेन्सॉरशिप लावली नव्हती. ओळखपत्र घेताना काही अटींवर सही करावी लागे : चालू मोहिमेच्या हालचाली, तुकड्यांची ठिकाणं अशा गोष्टी उघड करायच्या नाहीत. अट मोडली तर ओळखपत्र जाई. पण फोटो आधी दाखवून मंजूर करून घ्या, असं नव्हतं. १९४९च्या पहिल्या जिनीव्हा करारात रणांगणावरच्या मृतदेहांची विटंबना होऊ न देण्याचं बंधन आहे. त्याच्या उल्लंघनाचा इतका ढळढळीत पुरावा एका फ्रेममध्ये आला, तो या मोकळिकीमुळे.

प्रश्न : इतक्या लढायांतून वाचलेला माणूस कंबोडियात रस्त्यावर कसा मारला गेला? (कोल्हापूर)

१९६८च्या फेब्रुवारीत ह्युए शहरातली लढाई त्यांनी टिपली. त्यानंतर संस्थेने त्यांना हाँगकाँगला फोटो संपादकाच्या टेबलावर बसवलं. त्यांनी परत जायला मागितलं आणि १९७०मध्ये ते पुन्हा इंडोचायनात (व्हिएतनाम, लाओस, कंबोडिया) आले. त्या वर्षी मार्चमध्ये कंबोडियात सेनानी लोन नोल यांनी सत्ता घेतली, एप्रिलअखेर अमेरिकी सैन्य आत घुसलं, आणि युद्ध त्या देशात पसरलं.

व्हिएतनाममधला पत्रकार बहुधा हेलिकॉप्टरने जाई, सैन्याच्या तुकडीबरोबर राही, जखमी झाला तर सैन्याचंच हेलिकॉप्टर त्याला उचलून आणी. कंबोडियात यातलं काहीच नव्हतं. राजधानी नॉम पेन्हच्या हॉटेलातून सकाळी भाड्याची मोटार करायची, एखादा महामार्ग धरायचा, लढाई दिसेपर्यंत जायचं आणि अंधाराच्या आत परतायचं. आघाडी अशी नव्हतीच. सकाळी सरकारी सैन्याच्या ताब्यातला रस्ता दुपारी दुसऱ्याच्या ताब्यात. मोटारीला चिलखत नाही, संपर्काला रेडिओ नाही.

रस्ता वाचायच्या खुणा पत्रकारांनी ठरवलेल्या होत्या. समोरून वाहनं येणं थांबलं, की परत फिरा. शेतात माणसं नाहीत, रस्त्यावर पोरं नाहीत, गावाचा बाजार भरलेला नाही, की परत फिरा. पण खुणा वेळेत दिसतीलच असं नाही. ६ एप्रिल १९७०ला शॉन फ्लिन आणि डेना स्टोन हे अमेरिकी छायाचित्रकार महामार्ग क्रमांक १ वर नाहीसे झाले. ३१ मे रोजी क्रमांक ३ वर दोन अमेरिकी टीव्ही वाहिन्यांची पथकं हल्ल्यात सापडली. त्यांतले तिघे जपानी होते, आणि एक आपले भारतीय कॅमेरामन, रमणिक लेखी. हे नाव आपल्याकडे जवळजवळ कोणाला ठाऊक नाही, म्हणून मुद्दाम देतो आहोत.

२८ ऑक्टोबर १९७० रोजी सावादा आणि त्यांच्या संस्थेचे नॉम पेन्हचे प्रमुख फ्रँक फ्रॉश मोटारीने राजधानीच्या दक्षिणेला क्रमांक २ च्या महामार्गावर गेले. दुसऱ्या दिवशी दोघांचे मृतदेह सापडले, गोळ्या घातलेले. सावादा ३४ वर्षांचे होते, फ्रॉश २८ वर्षांचे. फ्रॉश यांच्या जागी पत्रकार केट वेब आल्या, आणि पुढच्याच एप्रिलमध्ये त्याही पकडल्या गेल्या. २३ दिवसांनी सुटल्या. कंबोडियातल्या कामासाठी सावादांना १९७०चं रॉबर्ट कापा सुवर्णपदक मरणोत्तर देण्यात आलं.

प्रश्न : सावादांनंतर जपानमध्ये ही परंपरा चालू आहे का? (डोंबिवली)

चालू आहे, पण ती आता बरीचशी स्वतंत्र पत्रकारांच्या खांद्यावर आहे. व्हिएतनाम काळातलीच आणखी नावं : ताइझो इचिनोसे, जे १९७३मध्ये अंगकोर वाटचा फोटो काढायला निघाले आणि तिथे मारले गेले, केइसाबुरो शिमामोतो, जे १९७१च्या फेब्रुवारीत लाओसमध्ये पाडल्या गेलेल्या हेलिकॉप्टरमध्ये होते. अलीकडे मारले गेलेले : केंजी नागाई, २७ सप्टेंबर २००७, यांगून, मिका यामामोतो, २० ऑगस्ट २०१२, अलेप्पो, केंजी गोतो, २०१५, सीरिया. नागाई यांना सैनिकाने रस्त्यात गोळी घातली तेव्हा त्यांच्या हातात व्हिडिओ कॅमेरा होता. तो कॅमेरा तब्बल साडेपंधरा वर्षांनी, एप्रिल २०२३मध्ये, बँकॉक इथे त्यांच्या बहिणीच्या हाती आला आणि आतली टेप अजून दिसत होती.

मोठ्या जपानी वृत्तपत्रांनी आणि वाहिन्यांनी धोक्याच्या ठिकाणी आपली माणसं पाठवणं कमी केलं. १९९१च्या जूनमध्ये जपानमधल्या उन्झेन ज्वालामुखीच्या उद्रेकात ४३ माणसं गेली, त्यांत पत्रकारही बरेच होते. त्यानंतर कंपन्यांचे नियम कडक झाले. मग तिथे जातात ते स्वतंत्र पत्रकार, ज्यांच्यामागे ना कंपनी, ना विमा. वर त्यांच्यापैकी कोणी ओलीस धरला गेला की जपानमध्ये ‘जिको सेकिनिन’, म्हणजे तुझं तू निस्तर, असा सूर उमटतो. २००४मध्ये इराकमध्ये ओलीस धरलेल्यांच्या वाट्याला हे आलं आणि २०१८मध्ये सीरियातून सुटून आलेल्या जुनपेई यासुदा यांच्याही. स्वतःच्या रजेत, स्वतःच्या पैशाने व्हिएतनामला गेलेला १९६५चा सावादा आज असता तर त्यालाही हेच ऐकावं लागलं असतं. आम्हाला हा सूर अन्यायाचा वाटतो. त्यांनी आणलेल्या बातम्या आणि दृश्यं तेवढी सगळ्यांना हवी असतात.

प्रश्न : आमच्या शाळेत इतिहास मंडळातर्फे युद्धछायाचित्रांचं प्रदर्शन करायचं आहे. सावादांचे फोटो कुठून घ्यावेत, परवानगी लागते का, खाली काय लिहावं? (लातूर, शिक्षिका)

मूळ निगेटिव्हांचा प्रवास आधी सांगतो, म्हणजे विचारायचं कोणाला ते कळेल. युनायटेड प्रेसचा जुना संग्रह बेटमन आर्काइव्ह या छायाचित्रसंग्रहाकडे गेला, बेटमन १९९५मध्ये कॉर्बिस या कंपनीकडे, आणि २०१६मध्ये कॉर्बिसचे संग्रह एका चिनी कंपनीने घेतले. चीनबाहेर त्यांचं वितरण गेट्टी इमेजेस करते. मासिकात, पुस्तकात किंवा विकायच्या पोस्टरवर वापरायचं असेल तर परवाना तिथून.

भारतीय कायद्यात २०१२च्या दुरुस्तीपासून फोटोचा स्वामित्वहक्क छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं धरतात, त्या हिशेबाने सावादांचे फोटो २०३०अखेरपर्यंत. अमेरिकेत तो काळ प्रसिद्धीपासून ९५ वर्षं आहे, म्हणजे १९६५च्या फोटोला २०६०अखेरपर्यंत. शिकवण्यासाठी वापरायला कायद्यात सवलत आहे. तरीही प्रदर्शनाचे फोटो शाळेबाहेर, विशेषतः समाजमाध्यमांवर, टाकण्याआधी विचारून घ्या.

पाहायला वर्ल्ड प्रेस फोटो या संस्थेच्या संकेतस्थळावर हे फोटो आहेत. तिथलेच पाहा, कारण इतरत्र ते बाजूने कापलेले, उलटे किंवा रंगवलेले सापडतात. नदीतला फोटो कापला की हमखास एखादं मूल चौकटीबाहेर जातं. हो ची मिन्ह सिटीतल्या युद्धावशेष संग्रहालयात इंडोचायनातल्या युद्धांत दोन्ही बाजूंनी मारल्या गेलेल्या छायाचित्रकारांच्या कामाचं कायमचं दालन आहे. त्यात सावादाही आहेत.

मुलांकडून फोटोओळ लिहून घ्या. पाच गोष्टी : कुठे, कधी, कोण, काय चाललं आहे, कोणी टिपलं. विशेषणं नकोत. ‘हृदयद्रावक’ लिहिलं की मूल फोटो पाहायचं थांबतं. मागच्या अंकात आम्ही जी ओळ द्यायला हवी होती, ती अशी :

‘लोक थुओंग, बिन्ह दिन्ह प्रांत, दक्षिण व्हिएतनाम, ६ सप्टेंबर १९६५. गावावर अमेरिकी विमानांचा बॉम्बहल्ला, म्हणून घर सोडून निघालेल्या दोन आया मुलांसह नदी पार करताना. छाया : क्योइची सावादा, युनायटेड प्रेस इंटरनॅशनल.’